तीन अंडी आणि तासातासाच्या नोंदी

ध्रुवीय मोहिमांबद्दल शाळेत जे सांगितले जाते ते बहुतेक शर्यतीचे असते. रोआल्ड अ‍ॅमंडसेन १४ डिसेंबर १९११ रोजी दक्षिण ध्रुवावर पोहोचला, रॉबर्ट स्कॉट १७ जानेवारी १९१२ रोजी पोहोचला, आणि परतीच्या वाटेवर स्कॉट व त्याचे चार सोबती मरण पावले. एवढे सांगून धडा संपतो. स्कॉटच्या 'टेरा नोव्हा' जहाजावर हवामानशास्त्रज्ञ, भूशास्त्रज्ञ, भौतिकशास्त्रज्ञ आणि प्राणिशास्त्रज्ञ मिळून एक मोठा गट होता, हे फार थोड्यांना ठाऊक असते. ही मंडळी दोन वर्षे तिथे दिवसभर काय करीत होती, हा प्रश्न तर आपण मुलांपुढे ठेवतच नाही.

या प्रश्नाचे उत्तर ज्या पुस्तकात सर्वांत जास्त सापडते ते म्हणजे अ‍ॅप्सली चेरी-गॅरार्ड यांचे 'द वर्स्ट जर्नी इन द वर्ल्ड'. १९२२ साली ते प्रथम दोन खंडांत निघाले आणि तेव्हापासून प्रवासवर्णनांच्या कुठल्याही यादीत ते वरच्या ओळीत असते. विज्ञान शिकवणाऱ्याने ते वाचावेच, असे आमचे मत आहे. मात्र या पुस्तकाची कीर्ती ज्या प्रकरणावर उभी आहे, तेच प्रकरण विज्ञानाविषयी चुकीची समजूत करून देते, असेही आम्हांला वाटते. ज्या प्रकरणाकडे वाचक घाईघाईने पाने उलटतो, त्यात खरा ऐवज आहे.

प्रथम लेखकाविषयी. मोहिमेवर निघाला तेव्हा चेरी-गॅरार्ड २४ वर्षांचा होता. ऑक्सफर्डमध्ये त्याने इतिहासाचा अभ्यास केला होता. मोहिमेच्या निधीला त्याने एक हजार पौंड दिले होते. विज्ञानाचे शिक्षण नव्हते, दृष्टी अतिशय अधू होती, तरी प्रमुख शास्त्रज्ञ डॉ. एडवर्ड विल्सन यांच्या शब्दामुळे तो 'साहाय्यक प्राणिशास्त्रज्ञ' म्हणून रुजू झाला. पक्ष्यांची कातडी सोलून नमुने तयार करणे तो तिथे शिकला. म्हणजे शास्त्रज्ञांच्या घरात राहायला आलेला हा एक हुशार पाहुणा होता. घरच्या माणसाला जे रोजचे म्हणून दिसत नाही ते पाहुण्याला दिसते. पुस्तकाचे सामर्थ्य यात आहे, आणि आम्हांला जाणवलेली उणीवही यातच आहे.

रॉस बेटावरील केप एव्हान्स येथे जानेवारी १९११ मध्ये या मंडळींनी लाकडी घर उभे केले. लांबी ५० फूट, रुंदी २५ फूट. आपल्या शाळेच्या दोन वर्गखोल्या एकत्र केल्या तर जेवढी जागा होईल, साधारण तेवढी. तिच्यात पहिल्या हिवाळ्यात २५ माणसे राहिली. भिंतींच्या फळ्यांमध्ये गोणपाटात शिवलेले वाळके समुद्रशेवाळ भरले होते, कारण त्यात अडकून राहिलेली हवा उष्णता बाहेर जाऊ देत नाही. दिव्यांसाठी अ‍ॅसिटिलीन वायू होता. सामानाच्या खोक्यांची एक आडवी भिंत रचून घराचे दोन भाग केले होते. एका बाजूला अधिकारी व शास्त्रज्ञ मिळून १६, दुसऱ्या बाजूला ९ खलाशी व नोकरवर्ग. ब्रिटिश आरमाराची ही रीत ध्रुवाजवळही सुटली नाही. चेरी-गॅरार्डला ती खटकत नाही, वाचणाऱ्याला खटकते. पुढे त्याने लॅश्ली या खलाशाची रोजनिशी मोठ्या आदराने पुस्तकात छापली आहे, हेही सांगितले पाहिजे.

एप्रिलच्या अखेरीस सूर्य मावळतो तो ऑगस्टच्या उत्तरार्धातच उगवतो. या चार महिन्यांच्या रात्रीत वेळापत्रक हाच सूर्य. सकाळी न्याहारी, मग काम, दुपारचे जेवण, उजेडाचा थोडा अंश असेल तर बाहेर व्यायाम, पुन्हा काम, संध्याकाळी सातच्या सुमारास जेवण. आठवड्यातून तीन संध्याकाळी कोणीतरी व्याख्यान देई. ग्रिफिथ टेलर आणि फ्रँक डेबनहॅम हे ऑस्ट्रेलियाहून आलेले भूशास्त्रज्ञ खडकांवर बोलत, कॅनडाचा भौतिकशास्त्रज्ञ चार्ल्स राइट बर्फावर बोले, घोड्यांची निगा राखणारा ओट्स घोड्यांवर बोले. रात्री अकराला दिवे मालवत. एक जण मात्र जागा राही. त्याने शेगडी सांभाळायची, घोड्यांकडे कान ठेवायचा, आणि दर तासाला दाराबाहेर जाऊन आकाशात ध्रुवीय प्रकाश दिसतो का, कोणत्या दिशेला, कोणत्या आकाराचा, हे वहीत लिहायचे. ही पाळी सर्वांना होती आणि स्कॉटही त्यातून सुटला नव्हता. बहुतेक तासांना नोंद एकच असणार : काही दिसले नाही. 'काही दिसले नाही' हेसुद्धा लिहून ठेवावे लागते, हे आपल्या प्रयोगवहीत आपण मुलांना किती वेळा सांगतो?

या घरातला आमचा सर्वांत आवडता कोपरा जॉर्ज सिम्पसन या हवामानशास्त्रज्ञाचा. सिम्पसनचे नाव आपल्याला परके असू नये. तो भारतीय हवामान खात्यात नोकरीला होता. खात्याचे मुख्य कार्यालय तेव्हा सिमल्याला होते आणि प्रमुख होते गिल्बर्ट वॉकर. तिथूनच सिम्पसन मोहिमेवर गेला. केप एव्हान्सच्या घरात त्याचा कोपरा घड्याळांनी, नळ्यांनी आणि फिरत्या नोंदपट्ट्यांनी भरलेला होता. घरामागच्या टेकडीवर वाऱ्याची उपकरणे होती, तिला 'विंड व्हेन हिल' असेच नाव पडले. चुंबकीय उपकरणांसाठी बर्फात गुहा खणली होती, कारण तिथले तापमान फारसे हलत नाही. वरच्या हवेचे तापमान मोजण्यासाठी तो हायड्रोजन भरलेले फुगे सोडी. फुग्याला हलके नोंदयंत्र बांधलेले असे आणि यंत्रामागे बारीक रेशमी दोरा मैलोन्‌मैल उलगडत जाई. जळती वात ठरल्या वेळी बंध तोडी, यंत्र खाली पडे, आणि मग अंधारात, बर्फावरून, तो दोरा धरून यंत्र शोधत जायचे. दोरा मध्येच तुटला तर गेले यंत्र. आजच्या रेडिओसाँडमध्ये मोजमाप बिनतारी मार्गाने लगेच हाती येते. त्या काळी ते पायाने चालत जाऊन आणावे लागे.

घरापासून दूर, गोठलेल्या समुद्रावर तापमापकांच्या पेट्या ठेवल्या होत्या. घराजवळचे आणि मोकळ्या बर्फावरचे तापमान किती वेगळे असते, हे त्यांवरून पाहायचे होते. त्यांना 'आर्चिबाल्ड', 'बर्ट्राम' आणि 'क्लॅरेन्स' अशी लाडकी नावे दिली होती. अ, ब, क म्हणण्याचाच हा प्रकार. ४ जुलै १९११ रोजी हिमवादळ चालू असताना डॉ. अ‍ॅटकिन्सन अशाच एका तापमापकाचा आकडा वाचायला बाहेर पडले आणि वाट चुकले. मैलाच्याही आतले अंतर. पाच-सहा तास ते बर्फात भटकत होते. हाताला इतका हिमदंश झाला की बोटांवर मोठमोठे फोड आले. वहीतला एक आकडा म्हणजे काय, हे या प्रसंगाने जितके कळते तितके क्वचितच कशाने कळेल. पण ज्या दिवशी हे घडले त्या दिवशी आपला लेखक घरात नव्हता. तो आधीच 'जगातल्या सर्वांत भयंकर प्रवासा'ला निघून गेला होता.

हा प्रवास म्हणजे पुस्तकाचे गाजलेले प्रकरण. २७ जून ते १ ऑगस्ट १९११, ऐन ध्रुवीय रात्रीत, विल्सन, बॉवर्स आणि चेरी-गॅरार्ड हे तिघे केप क्रोझियरला गेले आणि परत आले. एका बाजूचे अंतर सुमारे ६७ मैल. हेतू होता एम्परर पेंग्विनची अंडी आणण्याचा. हे पक्षी हिवाळ्यात अंडी घालतात आणि त्या वेळी त्यांची एकच वसाहत माहीत होती. विल्सन आणि त्याच्या काळचे काही प्राणिशास्त्रज्ञ पेंग्विनना अतिशय आदिम पक्षी मानत. शिवाय एर्न्स्ट हेकेलचा पुनरावर्तन सिद्धांत अजून पुष्कळांच्या मनात होता : भ्रूण वाढताना आपल्या पूर्वजांच्या अवस्थांमधून जातो. ही दोन गृहीते एकत्र ठेवली की तिसरे सहज निघते. एम्परर पेंग्विनच्या कोवळ्या भ्रूणात सरपटणाऱ्या प्राण्यापासून पक्षी होण्याची पायरी दिसेल, खवल्यांचे पीस कसे झाले ते कळेल.

प्रवासाचे वर्णन अप्रतिम आहे. विज्ञानशिक्षकासाठी त्यात धड्यांमागून धडे आहेत. तापमान उणे ६० अंश सेल्सिअसच्याही खाली गेले. एवढ्या थंडीत स्लेजच्या पट्ट्यांखाली बर्फ घसरत नाही, वाळूसारखा घासतो. याचे कारण पुढे, १९३९ साली, बाउडन आणि ह्यूज यांनी प्रयोगाने दाखवले. घर्षणाच्या उष्णतेने बर्फाचा पातळ थर वितळतो आणि त्या पाण्यावर पट्टी घसरते. थंडी अति झाली की तो थर तयारच होत नाही. त्यामुळे दोन स्लेज एकदम ओढणे अशक्य झाले. एक पुढे न्यायची, अंधारात मेणबत्तीच्या उजेडात आपल्याच पाउलखुणा शोधत मागे यायचे, मग दुसरी ओढायची. काही दिवस दिवसभराच्या कष्टाची निव्वळ कमाई दीड-दोन मैलांच्या वर गेली नाही.

झोपण्याच्या पिशव्यांची गोष्ट तर वर्गात फळ्यावर आकडे मांडून सांगावी अशी आहे. माणूस झोपेतही घामातून आणि श्वासातून पाणी बाहेर टाकतो. ३० अंश सेल्सिअसच्या एक घनमीटर हवेत सुमारे ३० ग्रॅम बाष्प मावते; उणे ५० अंशांच्या हवेत ते एका ग्रॅमच्या विसाव्या हिश्शाइतकेही मावत नाही. मग अंगातून निघालेले पाणी जाणार कुठे? ते पिशवीच्या केसांत आणि कपड्यांत गोठते. रात्री अंगाच्या उष्णतेने वितळते, सकाळी पुन्हा गोठते, आणि रोज त्यात भर पडते. परत येईपर्यंत पिशव्यांचे वजन दुपटीहून अधिक झाले होते. तंबूबाहेर पाऊल टाकताच कपडे चिलखतासारखे ताठ होत. ज्या स्थितीत मान असेल त्या स्थितीत ती पुढचे काही तास राही, म्हणून बाहेर पडताना ओढण्याच्या पवित्र्यातच वाकून उभे राहायचे. लेखकाला चष्मा लावता येत नव्हता. लावला की काचांवर बर्फ धरे. केप क्रोझियरला दगड रचून, वर कापड ताणून केलेला निवारा वादळाने उघडा पाडला आणि तंबू उडून गेला. तो पुढे सापडला म्हणूनच तिघे वाचले.

त्यांनी पाच अंडी उचलली. दोन फुटली. तीन अंड्यांतले भ्रूण अल्कोहोलमध्ये बुडवून परत आणले. १९१३ साली चेरी-गॅरार्डने ती लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये नेऊन दिली, तेव्हा कोणी धड विचारपूस केली नाही, पोचपावतीसाठीही त्याला ताटकळत बसावे लागले. हा प्रसंग त्याने कडवट विनोदाने रंगवला आहे आणि वाचकाला संग्रहालयातल्या बाबूंचा राग येतो. विल्सन आणि बॉवर्स स्कॉटबरोबर मेले होते, या गोष्टीने राग आणखी वाढतो.

आमचा मतभेद इथे आहे. या प्रकरणाची सारी मांडणी अशी आहे की तिघांनी सोसलेल्या यातना हाच अंड्यांच्या महत्त्वाचा पुरावा वाटू लागतो. निसर्गाला यातनांचा हिशेब नसतो. भ्रूणाच्या वाढीचा क्रम कळायला एकामागून एका अवस्थेतले पुष्कळ नमुने लागतात, तीन पुरत नाहीत. तेही ज्या सिद्धांताच्या आधारावर गोळा केले, तो तेव्हाच डळमळू लागला होता. ते भ्रूण एका शास्त्रज्ञाकडून दुसऱ्याकडे गेले आणि अखेर १९३४ साली पार्सन्स यांचा अहवाल आला : पेंग्विनच्या भ्रूणशास्त्राच्या ज्ञानात या नमुन्यांनी विशेष भर पडलेली नाही. पुस्तक त्याआधी बारा वर्षे लिहिलेले आहे, त्यामुळे लेखकाला दोष देता येत नाही. पण आज हे पुस्तक मुलांच्या हाती देताना हा शेवट सांगितलाच पाहिजे. कोणी म्हणेल, नकारार्थी निष्कर्ष हाही निष्कर्षच. मान्य. परंतु नकार द्यायलाही पुरेसे नमुने लागतात. इथे मिळाला तो नकारसुद्धा अर्धवट होता.

याच प्रवासात आणखी एक प्रयोग झाला आणि तो आम्हांला अंड्यांहून अधिक शिकवण्याजोगा वाटतो. ध्रुवाच्या चढाईत शिधा कोणत्या प्रमाणात न्यावा हे ठरवण्यासाठी तिघांनी तीन आहार वाटून घेतले. बॉवर्सने पेमिकन, म्हणजे वाळलेल्या मांसाचा व चरबीचा लगदा, जास्त घ्यायचा. चेरी-गॅरार्डने बिस्किटे जास्त. विल्सनने लोणी जास्त. विल्सनला एवढे लोणी संपेना, चेरी-गॅरार्ड भुकेला राहू लागला. अर्ध्या वाटेवर दोघांनी लोण्याची आणि बिस्किटांची अदलाबदल केली आणि त्यातून जे प्रमाण निघाले तेच ध्रुवाच्या वाटेसाठी ठरले : दर माणशी रोज सुमारे ४५० ग्रॅम बिस्किटे, ३४० ग्रॅम पेमिकन, ५७ ग्रॅम लोणी, ८५ ग्रॅम साखर, शिवाय चहा व कोको. अंधारात, उपाशीपोटी केलेला हा नियंत्रित प्रयोग पाहून कौतुक वाटते. त्यातल्या चुका मात्र नववीचा विद्यार्थीही दाखवू शकेल. प्रत्येक आहारावर एकच माणूस. तिघांची शरीरे वेगवेगळी. कालावधी पाच आठवड्यांचा, तर ध्रुवाचा प्रवास पाच महिन्यांचा. आणि एकूण मिळणारी ऊर्जा पुरेशी आहे का हे मोजलेच नाही. आज आपल्याला ठाऊक आहे की ती पुरेशी नव्हती. त्या शिध्यात क जीवनसत्त्वही नव्हते, पण जीवनसत्त्वांची कल्पनाच तेव्हा नुकती आकार घेत होती.

आता घराकडे परत येऊ. नोव्हेंबर १९११ मध्ये स्कॉट ध्रुवाकडे निघाला. १९१२ च्या हिवाळ्यात केप एव्हान्सच्या घरात १३ माणसे उरली. स्कॉटची तुकडी आता जिवंत नाही हे सर्वांना कळून चुकले होते. सिम्पसन सिमल्याला परतला होता, त्याचे काम राइटने उचलले. नोंदी चालू राहिल्या. त्या हिवाळ्यात, रिकाम्या बिछान्यांच्या शेजारी बसून, रोज ठरल्या वेळी आकडे लिहीत राहणे सोपे नसणार. चेरी-गॅरार्ड त्या घरातच होता. पण या आकड्यांबद्दल तो फार थोडे लिहितो आणि वाऱ्याबद्दल, दुःखाबद्दल, बचावमोहिमेच्या निर्णयाबद्दल पुष्कळ लिहितो. ते समजण्यासारखे आहे. मार्च १९१२ मध्ये तो कुत्र्यांच्या स्लेज घेऊन 'वन टन डेपो' या साठ्यापर्यंत गेला होता आणि थांबून परत फिरला होता. स्कॉटचा शेवटचा तळ तिथून अवघ्या ११ मैलांवर पडला. आपण आणखी पुढे जायला हवे होते का, हा प्रश्न त्याला आयुष्यभर सुटला नाही. पुस्तकाचा उत्तरार्ध याच प्रश्नाने ग्रासलेला आहे, आणि तो वाचताना हे ध्यानात ठेवावे.

त्या कोरड्या नोंदींचे पुढे काय झाले? सिम्पसनने त्यांची छाननी भारतात राहून केली आणि त्याच्या हवामानविषयक ग्रंथाचे पहिले खंड १९१९ साली कलकत्त्याच्या थॅकर, स्पिंक या प्रकाशनसंस्थेतर्फे निघाले. अंटार्क्टिक हवामानाचा हा एक पायाभूत ग्रंथ कलकत्त्यात निघाला, हे आमच्या बहुतेक वाचकांना नवे असेल. जवळजवळ ऐंशी वर्षांनी अमेरिकेतील वातावरणशास्त्रज्ञ सुझन सॉलोमन यांनी सिम्पसनची आणि स्लेजवरच्या तुकड्यांची निरीक्षणे आजच्या स्वयंचलित केंद्रांच्या नोंदींशी ताडून पाहिली. २००१ साली 'द कोल्डेस्ट मार्च' या पुस्तकात त्यांनी दाखवले की मार्च १९१२ मधील थंडी तिथल्या नेहमीच्या मार्चपेक्षा बरीच तीव्र होती. त्याने स्कॉटच्या सगळ्या निर्णयांची बाजू लागते असे नाही. मात्र असा प्रश्न विचारता तरी आला, तो बॉवर्ससारख्या माणसांनी गोठल्या बोटांनी पेन्सिल धरली म्हणून.

आणि दगड. १२ नोव्हेंबर १९१२ रोजी शोधपथकाला स्कॉट, विल्सन व बॉवर्स यांचा तंबू सापडला. स्लेजवर सुमारे १६ किलो खडकांचे नमुने होते. फेब्रुवारीत, भुकेने आणि थंडीने खंगलेले असताना, बीअर्डमोर हिमनदीच्या वरच्या भागात विल्सनने ते गोळा केले होते आणि शेवटपर्यंत टाकले नव्हते. त्यांत ग्लोसोप्टेरिस या नष्ट झालेल्या वनस्पतीच्या पानांचे ठसे निघाले. सीवर्ड यांनी १९१४ मध्ये त्यांचे वर्णन प्रसिद्ध केले आणि त्यातील जातीचे नाव होते ग्लोसोप्टेरिस इंडिका. हीच पाने नागपूरजवळच्या कामठीच्या खडकांत सापडतात. चंद्रपूर-वणी भागातला कोळसा याच काळच्या वनांचा आहे. गोंडवन भूमी एकेकाळी सलग होती, याचा एक हातात धरता येणारा पुरावा त्या स्लेजवर होता. विदर्भातल्या शिक्षकाला हा धडा शिकवायला अंटार्क्टिकाला जाण्याची गरज नाही. चेरी-गॅरार्ड या दगडांचा उल्लेख आदराने करतो, पण त्याचे मन अंड्यांपाशीच अडकलेले आहे. टेलर व डेबनहॅम यांनी पश्चिमेच्या डोंगरांत केलेल्या सफरींनाही त्याने फार कमी जागा दिली आहे. त्यासाठी टेलरचे १९१६ चे 'विथ स्कॉट : द सिल्व्हर लायनिंग' पाहावे, ते हसतखेळत लिहिलेले आहे.

पुस्तक मोठे आहे. सगळे वाचायला वेळ नसेल तर पहिल्या हिवाळ्याचे प्रकरण आधी वाचावे, मग केप क्रोझियरचा प्रवास, आणि दोन्ही मुलांपुढे एकत्र ठेवावीत. एक अडचण येईल : तापमाने फॅरनहाइटमध्ये आहेत, आणि कित्येकदा तीही 'गोठणबिंदूखाली इतके अंश' अशा रीतीने दिली आहेत. म्हणजे गोठणबिंदूखाली १०९ अंश याचा अर्थ उणे १०९ नव्हे. ३२ मधून १०९ वजा करायचे, उत्तर उणे ७७ फॅरनहाइट, म्हणजे उणे ६०.६ सेल्सिअस. हे रूपांतर मुलांनाच करायला द्यावे. काही उदाहरणे केल्यावर कोणीतरी विचारील की दोन्ही मापांत आकडा कुठे सारखा येतो का. येतो, उणे ४० ला, आणि त्या प्रवासातल्या पुष्कळशा रात्री त्याहून थंड होत्या.